सोनगीरला आबा जेवले त्याची गोष्ट

आमच्या घराण्यात संशय दुधातून उतरायचा. इतरांच्या घरी बाळाला बाळकडू पाजत, आमच्याकडे बाळ आधी पाजणारीकडे रोखून बघायचं. माझे वडील, म्हणजे आबा, रावेरजवळ केळीचे मळे सांभाळून होते आणि गावात असं बोललं जायचं की हा माणूस दाढी करतानासुद्धा आरशातल्या माणसावर नजर ठेवून असतो. ते खोटं नाही, मी स्वतः पाहिलंय. मळ्यात पाणी सोडलं की ते पाण्यामागोमाग चालत जात, वाटेत त्यानं कुणाशी संधान बांधू नये म्हणून. आणि हे आबा ज्यांच्यापुढे भोळे सांब ठरावेत अशा त्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, देवानं आमच्याच घरी ठेवलं होतं. अक्का लवकर विधवा झाली नि माहेरी परतली, ती येताना सासरच्या कुलपाची किल्लीसुद्धा घेऊन आली. शेजारच्या सत्यनारायणाला एकदा तिनं प्रसादातला केळ्याचा काप जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि सांगितलं, हे आपल्या मळ्यातलं आहे, विहिरीकडच्या बांधावरचं. चौकशी केली तर खरंच तिथला एक घड गायब होता. तेव्हापासून गावात पूजा घालणाऱ्यांनी प्रसादात डाळिंब वापरायला सुरुवात केली.

या दोघांच्या मधोमध माझी आई. ती पिंपळनेरची. तिच्या माहेरी दाराला कडी नव्हती असं ती सांगायची आणि अक्का ते ऐकून छातीवर हात ठेवायची. आई बोलायची कमी. आमच्या घरात बोलायला जागाच नव्हती म्हणा. एक जण विचारायचा, कोण आलं होतं, दुसरी विचारायची, कशाला आलं होतं, आणि आलेला माणूस चहा न घेता गेलेला असायचा. पण आईचं एक मागणं होतं आणि ते ती वर्षभर मनात धरून असायची. आखाजीला तिला माहेरी पोचायचं असायचं. अक्षय्य तृतीया महाराष्ट्रभर होते, पण आखाजी आमच्या खानदेशातच होते. लेकी माहेरी येतात, लिंबाला दोर बांधून झोके घेतात, गाणी म्हणून सासूचा वर्षाचा हिशेब एका दुपारी चुकता करतात. आई एरवी दबक्या आवाजात बोलायची, पण पिंपळनेरच्या झोक्यावर तिचा आवाज असा चढायचा की डोंगरापलीकडच्या गुजरातेत लोक दारं उघडून बघत.

त्या वर्षी मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि निकाल लागेपर्यंत तरी हुशार होते. सुट्टीचं जायचं ठरलेलं, पण केळी न्यायला यायचा ट्रक आला नाही. आज येतो, उद्या येतो करत तो आला तो आखाजीच्या आदल्या संध्याकाळी. आबा घड मोजल्याशिवाय हलणार नव्हते. आई नुसती भांडी घासत राहिली, आणि ती इतकी घासली की एका पातेल्यातून पलीकडचं दिसायला लागलं. शेवटी आखाजीच्या दिवशीच, उजाडायच्या आत, आम्ही निघालो. घरची सणाची घागर भरायला मोठे काका होते. आमच्याबरोबर मामासाठी कच्च्या केळीचं पोतं होतं आणि आबांच्या पिशवीत घड कापायचा विळा. सुट्टीला जाताना विळा कशाला, असं मी विचारलं तर आबा म्हणाले, सुट्टी आपल्याला आहे, चोरांना नाही.

चोपड्यावरून, शिरपूरवरून बस आग्रा रोडला लागली. बसमध्ये माणसं थोडी, सणाच्या दिवशी कोण प्रवास करतो? अक्कानं तेवढ्यांचीही वर्गवारी केली. पुढचा चष्मेवाला पाकीटमार, मागची बाई मुलं पळवणारी, आणि मांडीवर कोंबडी घेऊन बसलेला माणूस साधा दिसत होता म्हणून सगळ्यांत वाईट. सोनगीरच्या अलीकडे इंजिनातून धूर निघायला लागला आणि गावाच्या फाट्यावर येऊन बस जी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरनं झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि लिंबाखाली जाऊन आडवा झाला. कंडक्टर म्हणाला, धुळ्याहून दुसरी गाडी मागवलीय, येईल तेव्हा येईल. ऊन असं होतं की समोरच्या टेकडीवरचा किल्ला वितळून खाली ओघळेल असं वाटत होतं. आईनं एकदा सूर्याकडे पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं. अजूनही वेळेत पोचता आलं असतं. तेवढंच ती मनात करत असणार.

आता तो रस्ता पार बदलला. मोठा झालाय, गाड्या गावाकडे न बघता निघून जातात. माझी नात आणि तिचा नवरा सुट्टीला जातात ते परक्याच्या घरात राहतात. जायच्या आधी मोबाइलवर त्या घराला लोकांनी किती तारे दिलेत ते बघतात. मी म्हटलं, बाई गं, आमच्या अक्कानं देवालासुद्धा पुरते तारे दिले नसते. ती हसली. तिला वाटतं मी वाढवून सांगते.

तर, आम्ही लिंबाखाली बसलो आणि तो म्हातारा दिसला. धुवट धोतर, डोक्याला टोपी, पायांत वहाणा नाहीत. तो उतरलेल्या एकेका पुरुषाजवळ जाई, तोंडाकडे बघे, काहीतरी विचारी आणि पुढे सरके. चष्मेवाला त्याचं बोलणं ऐकून दोन पावलं मागेच गेला. कोंबडीवाला तर कोंबडीसकट बसमध्ये जाऊन बसला. एका ट्रकवाल्यालाही त्यानं हात करून थांबवलं. ड्रायव्हर खाली उतरला, ऐकलं, कानाला हात लावला नि ट्रक घेऊन असा पळाला की धुरळा खाली बसायला आमची अर्धी पाण्याची बाटली लागली. अक्काचे डोळे बारीक व्हायला लागले. तिचे डोळे बारीक झाले की आसपासची कुत्रीसुद्धा शेपूट आत घेत.

मग तो आबांसमोर आला. या वेळी मात्र काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "सकायपासून काही खादं का, भाऊ?"

आबा प्रश्नाला उत्तर देत नसत, प्रश्नामागं कोण उभं आहे ते बघत. म्हातारा म्हणाला, मला इकडं नाना म्हणतात, घर हे इथंच आहे, चाला, बठ्ठा जण जेवाले चाला. आईची बोली त्याच्या बोलीच्या जवळची, तिला ती घरची वाटली असणार. आम्हा रावेरच्यांना मात्र त्या बोलीतलं, ‘आहे’च्या जागी येणारं शे-शे ऐकून कुणीतरी कानात सांगतंय असं वाटतं, आणि कानात सांगणाऱ्यावर आमचा विश्वास नसतो. अक्कानं आबांची, म्हणजे तिच्या बापूची, बाही ओढली.

"बापू, तुह्या पोटात काय हाय नि काय नही, हे याले कायले पाहिजे?"

आणि मग तिनं दबक्या आवाजात, म्हणजे धुळ्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, सगळं उलगडून सांगितलं. वर किल्ला आहे. किल्ल्यात गुप्तधन असणारच, नाहीतर राजे एवढ्या उन्हात डोंगरावर कशाला राहतील. धनावर नाग असतो. नागाला माणूस लागतो, आणि तो परमुलखातला, उपाशी पोटाचा, सणाच्या दिवशीचा लागतो. म्हातारा पोटं तपासतोय ते उगीच नाही. मला सांगायला हरकत नाही, त्या उन्हात, रिकाम्या पोटी, मला हे अगदी बरोबर वाटलं. इतका नीट बसणारा खुलासा मी शाळेत भूमितीतसुद्धा पाहिला नव्हता.

आबांनी मान हलवली आणि उठले. अक्का हबकली. आबा म्हणाले, चोर पाठीमागं ठेवण्यापेक्षा त्याच्या घरात जाऊन बसावं, म्हणजे तो काय करतो ते दिसतं. विळ्याची पिशवी त्यांनी काखेत घेतली. खरं कारण वेगळं होतं असा मला संशय आहे, कारण गावातून वारा आला होता आणि त्या वाऱ्याला आमरसाचा वास होता. पण ते राहू दे. केळीचं पोतं कंडक्टरच्या हवाली करायला अक्कानं नकार दिला, म्हणून ते मी उचललं, आणि आमची वरात नानांच्या मागून निघाली.

घर साधं, धाब्याचं. ओसरीवर तांब्यापितळेचे हंडे रचलेले. सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव, तिथल्या घरात ते असणारच, पण अक्का म्हणाली, बघ, धन. आत नानांची बायको होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. आबांकडे पाहिलं, इतकं पाहिलं की आबांना खांद्यावरचं उपरणं नीट करावं लागलं. पाट मांडलेला एकच. त्याच्यापुढे ताट आणि ताटात काय नव्हतं ते सांगते म्हणजे लवकर आटपेल: पाणी. बाकी खापरावरची पुरणपोळी, एवढी की आमची अक्का तिच्याखाली झाकून निघाली असती नि वर माझ्यासाठी उरली असती. आमरस, त्यावर तुपाची धार. पुरणाच्या कटाची रशी, भात, भजी, कुरडया, पापड. ती म्हातारी पाटाशेजारी पंखा घेऊन बसली. आम्हा बायकांना बाजूला सतरंजी दिली, पण ताट काही वाढलं नाही. अक्का कुजबुजली, एकालाच का वाढलं? आता हा प्रश्न खरोखरच चांगला होता.

आबा पाटावर बसले, पिशवी मांडीखाली. पोळीकडे पाहिलं, रसाकडे पाहिलं, मग पोळीचा तुकडा मोडून नानांपुढे धरला. म्हणाले, आधी तुम्ही खा.

नाना एक पाऊल मागे सरकले. "मी नही खावाव, भाऊ. जवलग तुम्ही जेवतस नही, तवलग ह्या घरमा कोणी पाणीबी पेवाव नही."

झालं. अक्का उभीच राहिली. जो माणूस स्वतःचं अन्न स्वतः खात नाही त्याच्या अन्नात काय असतं, हे सांगायला पंचांग लागत नाही. आबांनी तुकडा ताटात ठेवला आणि हात मांडीखाली नेला. मी दाराचं अंतर डोळ्यांनी मोजलं. म्हातारीचा पंखा थांबला. तिचा चेहरा काही रागावला नाही, नुसता विझला. कुणीतरी आत जाऊन फुंकर मारावी तसा.

तेव्हा आई बोलली. ती एवढा वेळ कोपऱ्याकडे बघत होती, तिकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. तिथं गव्हाच्या राशीवर लाल घागर होती, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, दोन आंबे, सांजोऱ्या. वर भिंतीला एका तरुण मुलाचा फोटो आणि त्याला ताजा हार. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-पोळीची आगारी, म्हणजे अग्नीला दिलेला घास, अजून जळत होती. आई आबांना म्हणाली, "अहो, तुम्हाला पितर बसवलंय."

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. आखाजीला आम्ही गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतो आणि एका जित्याजागत्या माणसाला त्याच्या जागी बसवून जेवू घालतो. तो जेवला की गेलेला जेवला. तो जेवेपर्यंत घरातलं कुणी घास घेत नाही. हे आमच्या घरी दर वर्षी व्हायचं, आमच्या आजोबांच्या नावानं भाऊबंदांतले एक काका यायचे आणि आजोबांना न आवडणारी भजीसुद्धा संपवून जायचे. म्हणजे सगळं आम्हाला ठाऊक होतं, आणि तरी आबांनी पितराच्या पाटावर बसून यजमानाला म्हटलं होतं, आधी तुम्ही खा. खानदेशात जन्मलेल्या माणसानं आखाजीला याहून मोठा घोटाळा करायचा म्हणजे घागरीतच पाय धुवायला हवेत.

पण अक्का शांत झाली नाही, उलट तिचा संशय आता दुप्पट झाला. पितर भाऊबंदांतला बसवतात, वाटसरू नाही. आणि फोटोतला पोरगा तरुण. असा अवेळी गेलेल्याच्या जागी माझ्या भावाला बसवलं, तेही न सांगता? तिनं हे सगळं विचारलं, तोंडावर विचारलं, आणि मला वाटतं ते बरोबरच विचारलं. नाना खाली बघून म्हणाले, सकाळपासून फाट्यावर उभा आहे, ज्यांना खरं सांगितलं ते पळाले, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. भाऊबंद आहेत, हवे तेवढे आहेत. पण ही ऐकत नाही.

म्हातारीनं पंखा खाली ठेवला. ती आबांशी बोलली, आणि सावकाश बोलली, आम्हाला कळावं म्हणून.

"मना पोऱ्या ट्रकवर व्हता, भाऊ. रस्तावरच गया. त्याले रस्तावर कोणी कोणी खावाले दिन्हं व्हई, त्यासनं नाव माले माहीत नही. म्हणीसन मी यासले सांगं, रस्तानाच माणूस लई या."

म्हणजे रस्त्यावरचाच माणूस घेऊन या, असं तिनं नानांना सांगितलं होतं. आबांच्या तोंडाकडे मी पाहिलं. त्या माणसाला मी ट्रकवाल्याशी, मजुराशी, देवाशी घासाघीस करताना पाहिलं होतं, पण अडलेलं असं पाहिलं नव्हतं. उठावं तर या बाईचा पोरगा वर्षभर उपाशी. बसावं तर ज्याच्या जागी बसायचं त्याचा फोटो समोरून बघतोय, आणि पाठीमागं अक्का देवाची नावं मोजतेय. आबांनी मांडीखालची पिशवी काढून माझ्याकडे सरकवली. मग ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास घेतला.

आबा कसे जेवले ते सांगितलं तर लोक म्हणतात ही बाई फेकते. फेकत असेन, पण त्या दिवसापुरती नाही. घरी ते चिमणीसारखे जेवत, प्रत्येक घास उलटापालटा करून. त्या दिवशी पोळी गेली, दुसरी गेली, रसाची वाटी अशी रिकामी व्हायची की म्हातारीला पळी खाली ठेवायला वेळ मिळेना. भजी अशी जात होती की नाना कढईकडे नि आबांकडे आलटून पालटून बघत होते. म्हातारी पंखा घालत होती आणि तिची नजर ताटावर नव्हती, आबांच्या गळ्यावर होती. घास खाली उतरला की तिच्याही गळ्यातून काहीतरी उतरायचं.

आणि नेमका तेव्हा कंडक्टर दारात आला. धुळ्याची गाडी आलीय, सगळे बसले, तुमच्यासाठी थांबलोय, चला लवकर. यानंतर साक्री-पिंपळनेरकडची गाडी संध्याकाळपर्यंत मिळणार नाही, हेही त्यानं ऐकवलं.

आबांचा हात ताटावर थांबला. पितर मधेच उठला की सगळं फुकट, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ही गाडी गेली की पिंपळनेरचे झोके सुटलेले असतील, हेही. आबांनी आईकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी आईला विचारून काही केलं असेल तर ते तेवढंच, आणि तेही डोळ्यांनी. म्हातारीनं पळी खाली ठेवली. ती पाहुणीला काय सांगणार, थांब म्हणून?

अक्का मधे येऊन काही म्हणणार एवढ्यात आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुम्ही जा, भाऊ," ती कंडक्टरला म्हणाली, आणि म्हातारीकडे वळून तिच्याच बोलीत, "वाढ, माय. त्यासले रस वाढ."

कंडक्टर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गिअर पडला, आवाज रस्त्याला लागला आणि लांब गेला. आईनं तो शेवटपर्यंत ऐकला. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला कळलं, बाकीच्यांना नाही. नंतर किती तरी वेळा मी तिला विचारलं, तुला वाईट नाही का वाटलं गं, आणि ती दर वेळी म्हणायची, वाटलं ना, चांगलंच वाटलं. एवढंच. आमच्या घरात राहून तिला एवढं तरी शिकता आलं होतं की सगळंच कुणाला सांगू नये.

आबा जेवत राहिले. आता त्यांना घाम फुटला होता. शेवटची पोळी त्यांनी रसात बुडवली, ताट पुसून घेतलं आणि हात धुवायला तांब्या मागितला. म्हातारीनं तांब्या दिला नाही. ती पुढं वाकली.

"पोट भरनं का, भाऊ?"

"भरलं," आबा म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ती नजर मी ओळखत होते. रोज घरी बघत होते. तिचा विश्वास बसला नव्हता. परका माणूस, भिडस्त, गाडी चुकलेली, उपकार म्हणून भरलं म्हणत असेल. तिला उपकार नको होता, पोट हवं होतं. रावेरातला सगळ्यांत संशयी माणूस तिथं पाटावर बसला होता आणि त्याच्यावरच कुणी विश्वास ठेवत नव्हतं. आबांनी अक्काकडे पाहिलं; अक्का, माझी अक्का, पदर तोंडाला लावून बसली होती, तिच्याकडून साक्ष मिळण्यासारखी नव्हती. मग आबांनी ताट म्हातारीपुढं सरकवलं आणि आणखी अर्धी पोळी मागितली. ती त्यांनी कशी गिळली ते त्या अन्नदात्यालाच माहीत. मधे एकदा डोळे मिटून थांबले, छाती चोळली, पुन्हा तोंड हलवायला लागले. शेवटचा तुकडा उतरला आणि असा ढेकर आला की ओसरीवरचे हंडे वाजले. यात मी कणभर वाढवलेलं नाही.

"भरनं, माय," आबा म्हणाले. त्यांच्या तोंडी ती बोली मी पहिल्यांदा ऐकली, आणि शेवटची.

म्हातारी अजून थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं तांब्या पुढं केला, त्यांच्या हातावर पाणी घातलं, पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नानांना म्हणाली, "चाला. आते आपन जेवूत."